कंपनीतले सहा महिने आणि पीएच.डी.चा अर्ज



मे-जून आला की मला येणाऱ्या फोनांचा विषय ठरलेला असतो: पुढे काय? लोधीपुरा म्हटलं की बाहेरगावच्यांना दर्गाह-ए-हकीमी आठवतो. आमच्या गल्लीतल्या मुलांना मात्र सुट्टीत ‘बॉटनीवाल्या काकू’ आठवतात. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, तरी हे नाव काही सुटलेलं नाही. यंदा एकच प्रश्न तीन घरांतून आला. एक घर इथलंच, एक इंदूरचं, एक पुण्यात स्थायिक झालेलं. मुलीची जीवशास्त्रातली एम.एस्सी. झाली आहे, पीएच.डी. करायची तिची इच्छा आहे आणि हातात एका कंपनीची सहा महिन्यांची इंटर्नशिप आली आहे. ती घेतली तर पुढच्या अर्जाला वजन येईल, की ‘ही तर नोकरीकडे वळली’ असं समजून अर्ज बाजूला पडेल?

तिन्ही घरांना मी वेगवेगळं उत्तर दिलं, कारण तिघींना कंपनीत मिळणारं काम वेगवेगळं होतं. उत्तर काढण्याची रीत मात्र एकच होती. ती आज सगळ्यांसमोर मांडते, म्हणजे प्रत्येकाला आपल्या घरचा हिशेब स्वतःच करता येईल.

थोडक्यात सांगायचं तर, कंपनीच्या नावाला अर्जात फारशी किंमत नसते. त्या सहा महिन्यांत तुम्ही काय केलं, ते का केलं, त्यातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला आणि हे सगळं जवळून पाहणारं कोण होतं, याला किंमत असते.

हा प्रश्न आपल्याकडे का येतो

बऱ्हाणपूर जिल्हा म्हणजे शहरात पॉवरलूम आणि शेतात केळी. तापीच्या काठाने रावेर, यावल, पार जळगावपर्यंत केळीच केळी. पूर्वी शेतकरी मुनवे काढून लावायचा. आता कितीतरी शेतांत टिश्यू कल्चरची रोपं येतात. जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची अशी रोपं मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवली आणि खानदेशातल्या घराघरांत ‘टिश्यू’ हा शब्द रुळला. जालन्याला १९६४ पासून महिकोचं बियाण्यांचं काम आहे, पुण्याला १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट लसी बनवते आहे, इंदूरजवळ पिथमपूरला औषधांचे कारखाने आहेत. आमच्या वेळी बॉटनी शिकलेल्या मुलीपुढे बी.एड. हा एकच रस्ता दिसायचा. आजच्या मुलीला रेल्वेच्या एका रात्रीत पोहोचता येईल अशा अंतरावर दहा कंपन्या दिसतात.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही ही वाट ओळखली होती. बायोटेक इंडस्ट्रियल ट्रेनिंग प्रोग्रॅम या योजनेखाली नव्याने शिकून बाहेर पडलेल्या मुलांना विद्यावेतन देऊन सहा महिने कंपन्यांत पाठवलं जात आलं आहे. म्हणजे ‘कंपनीत गेलं की संशोधन संपलं’ हा समज सरकारचाही नाही.

तरी घरात गोंधळ होतो, कारण आईवडिलांच्या मनात कंपनी म्हणजे पगार आणि पीएच.डी. म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं. इंटर्नशिप हा दोन्हींच्या मधला तोडगा वाटतो. ‘तेवढाच अनुभव’ असं म्हणून होकार दिला जातो. तो अनुभव कोणत्या कामाचा, हे विचारायचं राहून जातं.

आधी परीक्षा, मग बाकीचं

भारतात पीएच.डी.साठी बहुतेक ठिकाणी पहिला अडसर परीक्षेचा. सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर, गेटचे लाइफ सायन्सेस आणि बायोटेक्नॉलॉजीचे पेपर, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएससारख्या संस्थांसाठीची जीवशास्त्राची संयुक्त प्रवेश परीक्षा. नेटचा पेपर तीन तासांचा आणि २०० गुणांचा. त्या २०० गुणांत इंटर्नशिपला एकही गुण नाही.

मार्च २०२४ मध्ये यूजीसीने नियम बदलला, तो घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे. नेटच्या निकालात आता तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वरच्या पायरीवर जेआरएफ मिळालेली मुलं. त्यांना पीएच.डी.चा प्रवेश मुलाखतीवर मिळतो आणि फेलोशिपही मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. दुसऱ्या पायरीवर सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. या दोन्हींसाठी पात्र ठरलेली मुलं, तिसऱ्या पायरीवर फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरलेली. या शेवटच्या दोन पायऱ्यांवरच्या मुलांच्या प्रवेशात परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात.

आता हिशेब करा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत कंपनी, त्यात जायचा-यायचा वेळ, आणि त्यामुळे नेटचा अभ्यास मागे पडला, तर ७० टक्क्यांच्या बाजूला खड्डा पडला. तो ३० टक्क्यांच्या मुलाखतीतून भरून काढणं अवघड. म्हणून पुण्याच्या घराला मी सांगितलं, की तुमच्या मुलीची नेट अगदी थोड्या गुणांनी गेली आहे आणि मिळणारं काम फक्त पॅकिंग विभागातल्या नोंदी ठेवण्याचं आहे. ते नको. डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत अभ्यास करू द्या.

पण परीक्षा पार केलेल्या दोन मुलांमधून एकाला निवडायचं असतं तेव्हा मुलाखतीतच निर्णय होतो. जेआरएफवाल्यांना तर मुलाखत हेच सर्वस्व. काही संस्था अर्जासोबत संशोधनातल्या आवडीचं लेखी निवेदन आणि शिफारसपत्रंही मागतात. इंटर्नशिपचा उपयोग होतो तो इथे.

मुलाखतीच्या टेबलापलीकडून

बाहेरची तज्ज्ञ म्हणून पीएच.डी.च्या मुलाखतींना बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. त्यातला एक मुलगा माझ्या कायम लक्षात राहिला. इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये त्याने वर्षभर काम केलं होतं. अंगात नीटनेटकेपणा, बोलण्यात नम्रता. आम्ही विचारलं, वर्षभर काय केलंस? तो म्हणाला, “मॅडम, ते कॉन्फिडेन्शियल आहे.” मग त्याने यंत्रांची नावं सांगितली. एक यंत्र, दुसरं यंत्र, तिसरं यंत्र. शेवटी त्याने कंपनीचं पत्र पुढे केलं. एचआरच्या सहीचं ते पत्र होतं आणि त्यात लिहिलं होतं, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तन समाधानकारक. त्याची निवड झाली नाही, आणि त्याला वाटलं असणार, की कंपनीत गेल्यामुळेच झाली नाही.

खरं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं केवढं तरी होतं. तो रोज एलएएल चाचणी करत होता. इंजेक्शनात जिवाणूंच्या कवचाचा विषारी अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहिला आहे का हे ती चाचणी सांगते. पूर्वी यासाठी सशाला इंजेक्शन द्यायचे आणि त्याला ताप चढतो का ते बघायचे. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशी एंडोटॉक्सिनचा अंश लागताच गोठतात. या प्राण्याच्या नावात क्रॅब असलं तरी तो खेकडा नाही, कोळी-विंचवांचा नातेवाईक आहे. त्याचं रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात जे काम लोह करतं ते त्याच्या रक्तात तांबं करतं. आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही तो सापडतो. पुढे सिंगापूरमधल्या शास्त्रज्ञांनी या रक्तातला मुख्य घटक जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेतच तयार केला, म्हणजे प्राण्यांचं रक्त काढायची गरज कमी व्हावी.

यातलं काहीही कोणत्याही कंपनीचं गुपित नाही. पाठ्यपुस्तकात आहे. त्या मुलाने एवढंच म्हटलं असतं, की ‘मी रोज ही चाचणी करायचो आणि मला प्रश्न पडला, की हाडंही नसलेल्या या प्राण्याला जिवाणू इतक्या लवकर कसे ओळखता येतात’, तर पुढचा अर्धा तास आम्ही त्याच्याशी आनंदाने बोललो असतो. कंपनीने गुपित ठेवायला सांगितलं होतं ते तिचे आकडे, तिची कृती, तिच्या गिऱ्हाइकांची नावं. चाचणीमागचं जीवशास्त्र सगळ्यांचं आहे. हा फरक त्याला वर्षभरात कोणी सांगितला नव्हता.

केळीच्या रोपांनी दिलेला प्रश्न

आता दुसरी गोष्ट, आमच्या गल्लीतली. वडिलांचे दोन लूम, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला, मुलगी इंदूरला एम.एस्सी. झालेली. दोन वर्षांपूर्वी तिच्यासमोर दोन पर्याय आले: विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये सहा महिने बिनपगारी काम, किंवा खानदेशातल्या एका टिश्यू कल्चर कंपनीत महिना बारा हजारांची इंटर्नशिप. त्या घरात बारा हजार ही लहान रक्कम नव्हती. वडील मला म्हणाले, “ताई, शिकायला माझी ना नाही. पण सहा महिने तिला इंदूरला ठेवायचे पैसे कुठून आणू?”

असं घर पाहिलं की ‘लॅबच चांगली’ हा सल्ला देणं सोपं आणि निरुपयोगी ठरतं. मी तिला म्हटलं, कंपनीत जा, पण जाण्याआधी तिथल्या लॅबच्या प्रमुखांना भेट आणि विचार, की रोजच्या कामाशिवाय एखादी लहानशी गोष्ट मी माझी म्हणून मोजू शकते का. प्रमुख स्वतः पीएच.डी. झालेले होते. ते म्हणाले, आधी दोन महिने बाटल्या धू, मग बघू.

आणि खरोखर दोन महिने तिने बाटल्या धुतल्या, माध्यम बनवलं, ऑटोक्लेव्ह लावला. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेलं एमएस माध्यम तिने परीक्षेत लिहिलं होतं. तिथे ते पिंपाच्या मापाने बनवलं. मग चाकू हातात आला. मुनव्याचा कोंब घ्यायचा, निर्जंतुक करायचा, माध्यमावर ठेवायचा, फुटवे आले की वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमावर. अशा फेऱ्यांवर फेऱ्या. शेवटी मुळं फुटलेली रोपं हरितगृहात, मग शेडनेटमध्ये, मग शेतकऱ्याकडे. मधल्या टप्प्यांवर विषाणूंची तपासणी, कारण कुकुंबर मोझॅक किंवा बंची टॉपचा विषाणू एका मातृरोपातून आला तर त्याच्या हजारो नकला तयार होतात. अशा रोपांना प्रमाणपत्र देण्याची राष्ट्रीय पद्धत आपल्याकडे २००६ पासून आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला सीएमव्ही काय करतो हे पुस्तकातून वाचावं लागत नाही. त्याने उपटून टाकलेली बाग बांधावरून दिसते.

शेडनेटमध्ये तिला दिसलं, की एकाच मुनव्यापासून आलेल्या रोपांत मधूनच एखादं बुटकं किंवा वेगळ्या पानांचं निघतं. केळीला बी नाही, सगळी रोपं एकमेकांच्या नकला, मग हे वेगळं कुठून आलं? प्रमुखांनी सांगितलं, म्हणून तर आपण फेऱ्या मर्यादेपलीकडे वाढवत नाही. फेऱ्या वाढल्या की असली रोपं वाढतात. मग तिला मोजण्याची परवानगी मिळाली. कोणत्या फेरीतल्या किती रोपांत किती वेगळी, एवढंच. रोज संध्याकाळी अर्धा तास.

ते आकडे कंपनीचेच राहिले, ती घेऊन आली नाही. तिने आणला तो प्रश्न. घरी आल्यावर ती वाचायला लागली. तेलताडाच्या अशाच प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांना कधीकधी विचित्र, तेल न देणारी फळं येतात. त्यामागे जनुकाची अक्षरं बदललेली नसतात, त्यांच्यावरची एक रासायनिक खूण पुसली गेलेली असते, हे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. तिला वाटलं, केळीत काय होत असेल? अक्षरं बदलतात की खुणा?

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. नेटमध्ये ती पीएच.डी.पुरती पात्र ठरली, जेआरएफ हुकली. पहिल्या विद्यापीठात मुलाखत झाली, निवड झाली नाही. तिथे तिच्या विषयाचे गाइडच नव्हते. दुसऱ्या ठिकाणी तिला विचारलं, “कंपनीत फेऱ्या मर्यादित का ठेवतात?” आणि ती वीस मिनिटं बोलली. लॅब प्रमुखांचं पत्र होतं, त्यात लिहिलं होतं की ही मुलगी न सांगता मोजत राहायची आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायची. प्रवेश मिळाला. फेलोशिप अजून नाही, म्हणून ती संशोधन करता करता पुन्हा नेटला बसते आहे, आणि वडिलांचे लूम अजून दोनच आहेत. कंपनीने तिचं आयुष्य बदललं असं मी म्हणणार नाही. पण तिथे मिळालेला प्रश्न आणि ते पत्र तिच्याकडे नसतं, तर त्या दुसऱ्या मुलाखतीत ती काय बोलली असती, मला माहीत नाही.

इंदूरची कमला भागवत

कामाने स्वतःला सिद्ध करून दार उघडण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरातलंच आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९११ मध्ये इंदूरला जन्मल्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीमध्ये, रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि कामाचा दर्जा पटला तरच ते ग्राह्य.

ही अट अपमानकारक होती, यात शंका नाही. पण त्या वर्षात त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली इतकं नेटकं काम केलं, की रामन यांनाच मत बदलावं लागलं आणि त्या संस्थेत मुलींना प्रवेश सुरू झाला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आजच्या मुलीला तसा अन्याय सोसावा लागू नये. पण गाइड आजही नेमकं तेच शोधत असतात जे त्या वर्षाने सिद्ध केलं: रोजच्या कंटाळवाण्या कामात ही व्यक्ती टिकते का, आणि काम करता करता विचार करते का. हे गुणपत्रिकेतून कळत नाही. लॅबमध्ये किंवा कंपनीत काढलेल्या महिन्यांतून कळू शकतं.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी

मंडळातली बरीच मुलं बाहेर जाण्याचा विचार करतात. तिथला हिशेब वेगळा. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला नेटसारखी एक देशव्यापी परीक्षा नाही आणि अनेक विभागांनी जीआरई मागणंही सोडलं आहे. त्यामुळे स्वतःचं निवेदन आणि साधारण तीन शिफारसपत्रं यांवर फार भार पडतो. तिन्ही पत्रं कंपनीतली असू नयेत. एक-दोन कॉलेजातल्या किंवा संशोधन प्रकल्पातल्या गाइडची, आणि एक कंपनीतल्या अशा शास्त्रज्ञाचं ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं आहे, ही जोडणी चांगली. मोठ्या पदावरच्या साहेबांचं चार ओळींचं पत्र आणि शेजारच्या टेबलावरच्या शास्त्रज्ञाचं दोन पानी पत्र यांत दुसरं घ्या.

युरोपात तर कंपनी आणि पीएच.डी. एकत्रच नांदतात. मारी क्युरी यांच्या नावाच्या योजनेत ‘इंडस्ट्रियल डॉक्टरेट’ असा प्रकार आहे; त्यात निम्मा तरी वेळ विद्यापीठाबाहेर काढावा लागतो. ब्रिटनमध्ये बीबीएसआरसीच्या पैशावर चालणाऱ्या अनेक पीएच.डी. कार्यक्रमांत मुलांना मधे तीन महिने संशोधनाशी थेट संबंध नसलेल्या ठिकाणी इंटर्नशिप करायला पाठवतात. तेव्हा कंपनीचा अनुभव लपवू नका. ‘आधी नोकरी करून पाहिली आणि मग ठरवलं की मला प्रश्न विचारण्याचंच काम हवं आहे’ हे खरं असेल तर सरळ लिहा.

हो म्हणण्याआधी विचारा

इंटर्नशिपचं पत्र हातात आलं की सही करण्याआधी या गोष्टी विचारून घ्या. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांनी उलट मान वाढतो.

पहिलं, माझं काम रोज कोण बघणार, आणि शेवटी पत्र तेच देणार का?

दुसरं, काम कोणत्या विभागात? रोजच्या तपासण्या, उत्पादन, की नव्या गोष्टी शोधणं? तपासणीचं काम असेल तरी चालेल, पण एखादी लहान गोष्ट मी माझी म्हणून करू शकते का?

तिसरं, गुप्ततेच्या करारात नेमकं काय आहे? बाहेर गेल्यावर मी कामाबद्दल काय सांगू शकते, हे निघण्याआधी एक पान लिहून त्यावर संमती घ्या. ते पान मुलाखतीत ढालीसारखं उपयोगी पडतं.

चौथं, नेट, गेट आणि अर्जांच्या तारखांना सुट्टी मिळेल का? आपल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते. शिकत असतानाच तिचा अर्ज करता येतो. ती मिळाली तर लॅबचा अनुभव आणि पुढे कंपनीचा, दोन्ही जमतात.

पाचवं, पैसे कोण कोणाला देणार? हे पालकांनी जरूर बघावं. ‘ट्रेनिंग’ म्हणून मुलांकडूनच हजारो रुपये घेऊन, पंधरा दिवस यंत्रं दाखवून, सोनेरी कडांचं सर्टिफिकेट देणारी दुकानं गावोगावी निघाली आहेत. त्या कागदाने मुलाखतीत काही होत नाही. त्या पैशात नेटची पुस्तकं येतात आणि उरलेले घरी राहतात.

आणि आत गेल्यावर एक वही ठेवा. कंपनीची नोंदवही कंपनीचीच, तिच्यातलं काही उतरवू नका. तुमच्या वहीत रोज एकच ओळ: आज मला काय कळलं नाही. सहा महिन्यांत दीडशे ओळी होतील. त्यातल्या पाच-सहा ओळी पुढच्या अर्जाचं निवेदन लिहायला पुरतात.

इंदूरच्या घराला मी होकार द्यायला सांगितला. तिथल्या मुलीला लसींच्या संशोधन विभागात जागा मिळते आहे आणि तिचं जेआरएफ आधीच झालं आहे. इथल्या घराचं उत्तर अजून ठरायचं आहे. मुलगी येत्या आठवड्यात कंपनीत जाऊन हेच पाच प्रश्न विचारणार आहे. आईवडिलांना माझं एवढंच सांगणं: ‘पगार किती?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण रविवारी ती घरी आली की जेवताना ‘या आठवड्यात काय केलंस?’ हेही विचारा. आजीला समजेल असं तिला सांगता आलं, तर मुलाखतीची तयारी घरातच चालू आहे असं समजा.

पुढच्या अंकात नेटच्या लाइफ सायन्सेसच्या पेपराची वर्षभराची आखणी कशी करावी ते लिहीन. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा.